मदत हवी आहे: १ हर्ट्झची ईमिक लहर इलेक्ट्रॉनला गाठते कशी?

नमस्कार मंडळी. पुण्यात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुरुवारी सेमिनार आहे, विषय व्हॅन ॲलन पट्टे (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेल्या वेगवान कणांचे) आणि त्यांतल्या प्लाझ्मा लहरी, म्हणजे तिथल्या विद्युतभारित वायूतल्या लहरी. हौसेने मीच निवडला, आता निस्तरतोय.

त्यांतल्या कोरस नावाच्या लहरींपर्यंत गाडी रुळावर होती. विषुववृत्ताच्या पातळीत, पृथ्वीच्या केंद्रापासून ५ त्रिज्यांवर चुंबकीय क्षेत्र साधारण २५० नॅनोटेस्ला, म्हणजे चुंबकीय बलरेषेभोवती इलेक्ट्रॉनची गिरकी सेकंदाला सुमारे ७००० वेळा. कोरसची वारंवारता याहून कमी, पण किलोहर्ट्झमध्येच. (आवाजात बदललेलं रेकॉर्डिंग जरूर ऐका. पहाटे वेताळ टेकडीवर पाखरं किलबिलतात, डिट्टो तसं.) समोरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला ती डॉप्लरमुळे वाढलेली दिसते, गिरकीशी जुळते, आणि काहीशे केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा इलेक्ट्रॉन एमईव्हीपर्यंत (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) चढतो. २०१२ मध्ये सोडलेल्या नासाच्या व्हॅन ॲलन प्रोब्स यानांनी ही चढण पट्ट्याच्या आतच होते हे दाखवलं. इथवर पटलं.

अडलंय ते ईमिकपाशी, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक आयन सायक्लोट्रॉन लहरींपाशी. तिथे प्रोटॉनची गिरकीच ३.८ हर्ट्झ, ईमिक त्याच्याही खाली, धरा १ हर्ट्झ. वर ती डावीकडे फिरणारी आणि इलेक्ट्रॉन उजवीकडे. मग हीच लहर एमईव्ही इलेक्ट्रॉनांना वातावरणात सांडवते कशी? सर म्हणाले, "रेझोनन्स कंडिशन लिहून बघ." (लहर आणि गिरकी जुळण्याची अट.) लिहिली. तीन रात्री तिच्याकडेच बघतोय. कृपया चित्र डोळ्यांसमोर येईल असं कोणी सांगाल का?

आटेवाला:
एक जाडा बोल्ट घ्या, आट्यांवरून नख सर्रकन ओढा. बोल्ट जागचा हललेला नसतो, तरी नखाला खटखटखट आटे लागतात. ईमिक लहर म्हणजे बलरेषेवर पसरलेला असाच आटा. ती जागच्या जागी सेकंदाला एकदाच फिरते, पण तुमचा इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने तिच्यावरून धावतोय. त्याला १ हर्ट्झशी देणंघेणं नाही, त्याला तरंगलांबी लागते. आणि तो लहरीच्याच दिशेने जात तिला मागे टाकत असेल, तर आटा त्याला उलटा फिरताना दिसतो. डाव्याचं उजवं झालं!

आता तुमची चूक. ७००० ला गॅमाने (सापेक्षतावादातला गुणक, वेग प्रकाशाजवळ गेला की वाढतो आणि गिरकी मंदावते) भागलंत का? २ एमईव्हीला गॅमा ४.९, म्हणजे गिरकी उरली १४००. बलरेषेवरचा वेग सेकंदाला २,९३,००० किमी धरला तर एका गिरकीला एक आटा या हिशेबाने २१० किमीचा आटा (तरंगलांबी) पुरतो. प्लाझ्मा दाट असेल तिथे ईमिक एवढी आखूड होते.

मूळ प्रश्नकर्ता:
गॅमा!! विसरलोच होतो. मग २०० केईव्हीला का नाही चालत?

आटेवाला:
स्वतः करून बघा. गॅमा १.४, गिरकी ५०००, वेगही कमी. आटा ४० किमीच्या आसपास हवा. इतकी आखूड ईमिक सहसा मिळत नाही, म्हणून ती मुख्यतः एमईव्हीवाल्यांनाच गाठते.

शनिवारवाडा_रेडिओ:
एक भर घालतो, सेमिनारला हमखास विचारतील. ईमिकची वारंवारता इतकी कमी की देवाणघेवाणीत इलेक्ट्रॉनची ऊर्जा जवळपास तेवढीच राहते, फक्त बलरेषेशी असलेला कोन बदलतो. इलेक्ट्रॉन बलरेषेवर ये-जा करत दोन्ही टोकांना मागे वळतो; कोन पुरेसा लहान झाला की हे परतीचं वळण वातावरणात येतं आणि इलेक्ट्रॉन गेला. कोरस कोनही बदलते, ऊर्जाही देते. म्हणून एक नुसती सांडते, दुसरी सांडतेही आणि भरतेही.

मूळ प्रश्नकर्ता:
आटेवाले काका, शनिवारवाडा, दोघांचे आभार. वर्गात बोल्ट घेऊनच जातो. रविवार पेठेत किती जाडीचा मिळेल?

आटेवाला:
एक इंची मागा. आटे मागच्या बाकावरूनही दिसतील.