नवं रिव्हॉल्व्हर आणि लगेच गनस्मिथ: हा खर्च गिऱ्हाइकाच्या माथी का?

टूलरूमवाला

अमेरिकेतल्या नेमबाजांकडून एक सल्ला हमखास मिळतो: नवं रिव्हॉल्व्हर घ्या, शे-दोनशे गोळ्या झाडा, मग चांगल्या गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणारा कारागीर) ॲक्शन जॉब, म्हणजे चाप-घोड्याची यंत्रणा सुळसुळीत करून घ्या. मला हे मुळातच मान्य नाही. चाप हलका करून घेणं ही हौस झाली. पण टायमिंग (घर वेळेवर नळीसमोर येणं) चुकलेलं, गॅप (नळी आणि सिलेंडरमधली फट) जास्त, नळी किंचित तिरकी बसलेली, याला कुठल्याही कारखान्यात रिवर्क म्हणतात आणि रिवर्क ज्यानं माल बनवला त्यानंच करायचं असतं.

तपासणी काही अवघड नाही. सिलेंडरची सगळी घरं (गोळ्या बसतात ती भोकं) रिकामी आहेत हे डोळ्यांनी आणि बोटानं पाहून घ्या. सिलेंडर मागे दाबून नळी आणि सिलेंडर यांच्यामध्ये फीलर गेज घाला, मग पुढे दाबून पुन्हा घाला. ४ ते ८ थाऊ (०.००४ ते ०.००८ इंच) असेल तर ठीक. १० च्या वर गेला की वायू वाया जातो आणि बाजूनं शिसं उडतं. ३ च्या खाली असेल तर काजळी धरली आणि लोखंड तापलं की सिलेंडर घासायला लागतं. दोन मापांतला फरक म्हणजे एंडशेक. तो २ थाऊच्या आत हवा. माप एकाच घरावर घेऊन थांबू नका. सिलेंडरचं तोंड काटकोनात नसेल तर एका घरावर ५ आणि समोरच्या घरावर ८ मिळतात.

मग टायमिंग. सिलेंडरवर बोट हलकं टेकवा आणि घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा अडकण्याआधी खटका (सिलेंडर जागेवर धरणारा) सिलेंडरवरच्या खाचेत पडल्याचा ‘टक’ आला पाहिजे. घोडा अडकला आणि खटका अजून खाचेबाहेरच, तर ते घर मागे राहतंय. भराभर ओढलंत तर सिलेंडर स्वतःच्या वेगानंच खाच गाठतं आणि दोष लपतो. सहाही घरांना मिळून पाच मिनिटं लागतात. असेंब्ली लाइनवर ती का मिळू नयेत?

ह्यूस्टनकर

तपासणीबद्दल सहमत, निष्कर्षाबद्दल नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये हँड (सिलेंडर फिरवणारा दांडा), रॅचेट (हँड ज्यांना ढकलतो ते दात), खटका, खाच, क्रेन (सिलेंडर बाजूला उघडणारा हात), नळी या सगळ्यांची टॉलरन्स (मापातली मुभा) एकमेकांवर चढते. ती पूर्ण काढायची तर प्रत्येक नगामागे फाइल घेऊन कारागीर बसवावा लागेल. कोल्ट पायथन १९५५ पासून तशीच बनत होती. ॲक्शन रेशमासारखी, पण हँड झिजला की टायमिंग जायचं आणि ते पुन्हा बसवणारा माणूस शोधावा लागायचा. २०२० मध्ये ती परत आली तेव्हा आतली यंत्रणाच नव्यानं आखलेली होती. सुरुवातीच्या काही नगांत सिलेंडर नीट न फिरण्याच्या तक्रारी आल्या, हे खरं. पण आराखडा जास्त टिकाऊ आहे.

एमआयएम (धातूची पूड साच्यात भरून, भाजून घडवलेल्या) भागांना उगाच शिव्या बसतात. साच्यातून निघालेले घोडा आणि चाप मापाला एकसारखे असतात. हातानं घासलेल्या जुन्या भागांत ते कधीच नव्हतं.

शिसं_आणि_दारू

दोघांकडूनही एक गोष्ट राहिली: सिलेंडरच्या घराचं पुढचं तोंड, म्हणजे थ्रोट. .४५ कोल्ट काडतुसाच्या रुगर ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरचं हे जुनं, सर्वांना ठाऊक असलेलं दुखणं. शिशाची गोळी ०.४५२ इंचांची, नळी ०.४५१ ची आणि थ्रोट निघतात ०.४४९ किंवा ०.४५०. गोळी थ्रोटमधून जाताना दाबून बारीक होते, पुढे नळीत सैल पडते, वायू तिच्या कडेनं निसटतो आणि पहिल्या दोन-तीन इंचांत शिसं चिकटतं. लोक दारूचं माप बदलत बसतात, गोळीचं मिश्रण बदलतात. इलाज एकच: ०.४५२५ चा रीमर (भोक मापाला आणणारं कापायचं हत्यार). त्याचा पायलट (रीमर सरळ ठेवणारा पुढचा भाग) नळीच्या नव्हे, थ्रोटच्या मापाचा हवा, भरपूर कटिंग ऑइल घालून, एकाच दिशेनं फिरवत. उलटा फिरवला की धार गेलीच.

मापायला मायक्रोमीटरचीही घाई नको. मोकळी ०.४५२ ची गोळी मागून टाका. बोटाच्या दाबानं पुढे सरकली तर थ्रोट योग्य. अडकून बसली तर अरुंद. आपोआप खाली पडली तर मोठा, आणि मोठ्याला एकतर जाड गोळी लागते, नाहीतर सिलेंडर बदलावा लागतो.

इथे ह्यूस्टनकर, तुमचा टॉलरन्स चढण्याचा मुद्दा लागू होत नाही. एका रीमरनं पाडलेलं एक भोक आहे. रीमर झिजला तर तो बदलायला हवा होता.

टूलरूमवाला

अगदी हेच. आणि दाद कुणाकडे मागायची? १९७२ च्या कायद्यानं अमेरिकेत ग्राहक वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग नेमला, पण बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या. टोस्टर परत मागवायला लावता येतो, रिव्हॉल्व्हर नाही. युरोपातल्या बऱ्याच देशांत निदान सरकारमान्य प्रूफ हाउसचा (हत्यारं तपासणाऱ्या संस्थेचा) शिक्का तरी लागतो.

ह्यूस्टनकर

प्रूफचा शिक्का ताकदीचा असतो. रिव्हॉल्व्हरला कमाल दाबाच्या ३० टक्के जास्त दाबाची गोळी झाडून पाहतात. इटलीचा शिक्का असलेल्या रिव्हॉल्व्हरचंही टायमिंग मागे असू शकतं. शिक्का त्याबद्दल काहीच बोलत नाही.

खटका_खाच

मला दोघांपेक्षा ट्यूनिंगचीच जास्त धास्ती वाटते. स्मिथ अँड वेसनच्या हँडलमधला स्ट्रेन स्क्रू एक-दोन फेरे सैल करून चाप ‘हलका’ करणारे कमी नाहीत. घोड्याची पातळ पट्टीची स्प्रिंग सैल पडते, कठीण प्रायमरवर (काडतुसाच्या बुडाची, ठोक्यानं पेटणारी टिकली) पिनचा ठोका कमी पडतो आणि गोळी सुटत नाही. हा स्क्रू घट्टच राहिला पाहिजे. मूळ रिबाउंड स्प्रिंग (चाप परत आणणारी) साधारण १८ पौंडांची असते. ती १५ ची घातली तर फरक जाणवतो. त्याखाली गेलं की चाप आळसावून परत येतो. डबल ॲक्शनचा (एकाच चाप-ओढीत घोडा उठून सुटतो त्याचा) १२ पौंडांचा ओढ ९ वर आला की पुरे.

दुसरं, सिअरच्या (ओढलेला घोडा अडवून धरणारा भाग) कडेवर ऑइलस्टोन घासणं. भाग बाहेरून कडक आणि आतून मऊ असतो. वरचं कडक कातडं गेलं की काही दिवस चाप फार छान वाटतो, मग कड गोल होते आणि ओढलेला घोडा अंगठ्यानं ढकलल्यावर सुटतो. असं हत्यार कुणाच्या हातात देऊ नये.

मीटर_पंचवीस

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार धंदा म्हणून दुरुस्ती करायला वेगळा परवाना लागतो. शेजारच्या वर्कशॉपमध्ये ‘जरा घासून देतो’ म्हणणारा माणूस कितीही कुशल असला तरी त्याच्याकडे नेऊ नका. शिवाय २५ मीटर सेंटर फायर प्रकारात चापाचं किमान वजन १००० ग्रॅम आहे. .३२ चं रिव्हॉल्व्हर त्याखाली नेलंत तर तपासणीतच बाद.

टूलरूमवाला

खटका_खाच, तुमचं पटलं, म्हणूनच कारखान्याचं काम कारखान्याकडेच जावं असं म्हणतो. गॅप १२ थाऊ असलेलं रिव्हॉल्व्हर गनस्मिथकडे नेलं तर त्याला नळीचा खांदा फेस करून (सपाट कापून) ती एक पूर्ण फेरा आत घ्यावी लागते. स्मिथ अँड वेसनच्या नळीला इंचाला ३६ आटे, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे २८ थाऊ. मग मागचं तोंड कापून गॅप परत आणायचा, फोर्सिंग कोन (गोळी आत घेणारं नळीचं निमुळतं तोंड) नव्यानं कापायचा, इजेक्टर रॉडचा लॉक पुन्हा जुळवायचा. एवढं काम नव्या कोऱ्या मालावर, आणि बिल आपलं?

परत पाठवताना ‘नीट चालत नाही’ एवढंच लिहू नका. घरांना क्रमांक द्या, प्रत्येक घराचं पुढचं-मागचं माप थाऊत लिहा, कोणत्या घराला खटका उशिरा पडतो ते लिहा आणि तो कागद हत्यारासोबत पेटीत ठेवा.