मदत हवी आहे : जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलता येईल का?

नमस्कार मंडळी, सांगलीतनं विचारतोय. माझ्याकडं 2012 चा लॅपटॉप आहे, त्यात आय3-2350एम प्रोसेसर आहे, रॅम 8 जीबी केली, एसएसडी पण टाकली, चालू पटकन होतोय पण बहिणीचं डिप्लोमाचं ऑटोकॅड (ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर) उघडलं की सीपीयू म्हणजे प्रोसेसर 100 टक्क्यावर जातोय आणि पोरगी बिचारी रात्री बारापर्यंत ताटकळत बसतीय.

काल मागचं कव्हर काढून बघितलं, पंख्याच्या जाळीत कापसाच्या वातीसारखी धूळ होती ती ब्रशनं काढली. प्रोसेसर बोर्डाला चिकटवलेला नाही, सॉकेटमध्ये आहे, बाजूला चपट्या स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा स्क्रू पण आहे, म्हणून आशा वाटतीय.

आता आय7-2640एम घ्यावा का 2670क्यूएम? पहिला 35 वॅटचा आहे माझ्यासारखाच, पण कोअर (प्रोसेसरमधले एकाच वेळी काम करणारे भाग) दोनच, दुसऱ्याला चार कोअर पण 45 वॅट, मग हा एवढासा हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) तेवढी उष्णता झेपवंल का, आणि बायोस (लॅपटॉप चालू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) आधी अपडेट करावाच लागतो का? विश्रामबागेतल्या एका दुकानात विचारलं तर नवीनच घ्या म्हणाले, पण आत्ता तेवढं बजेट खरंच नाही. कुणी स्वतः बदललाय का? सांगली-मिरजेत जुना प्रोसेसर खात्रीनं कुठं मिळंल तेवढं सांगा, परीक्षा जवळ आलीय.