उएनो स्टेशनातली पोरं सगळी एकाच वयाची कशी?

शंकासुर:
युद्धानंतरच्या टोकियोचे फोटो चाळत होतो. उएनो स्टेशनाबाहेर बूटपॉलिश करणारी, बिनधास्त सिगारेट ओढणारी पोरं. बहुतेक नऊ ते तेरा वर्षांची. बॉम्ब काही वय विचारून पडत नाही, मग नेमकी हीच कशी उरली? नातेवाईक नव्हते का कोणी?

भुयारी_वाटसरू:
बॉम्बने नाही, सरकारने वय विचारलं होतं. १९४४ च्या उन्हाळ्यापासून शहरांतली तिसरी ते सहावीची मुलं शाळेसकट खेड्यांत हलवली, देवळांत नि धर्मशाळांत ठेवली. धाकटी भावंडं आईजवळच राहिली. १० मार्च १९४५ च्या रात्री टोकियोचा पूर्व भाग जळाला, सुमारे एक लाख माणसं गेली. खेड्यातलं पोर वाचलं, घरी परतायला घर नाही. (सहावीची मुलं शाळा संपवायला त्याच सुमारास परत आणली होती. त्यावर लिहवत नाही.)

नातेवाईक होते की! पण रेशनवर त्यांचीच पोरं अर्धपोटी. दिवसभर शेतात राबायचं आणि ताटावर टोमणे ऐकायचे. पोरं पळायची. विनातिकीट गाडीत घुसलं की उत्तरेकडच्या गाड्या उएनोलाच आणून सोडत.

मी रोज उएनोच्याच भुयारातून गिंझा लाइनची मेट्रो पकडतो. जानेवारीत चार पायऱ्या उतरलं की वारा तुटतो. पोरं तिथे का झोपत, ते तेव्हा कळतं.

शंकासुर:
आणि खायची काय?

भुयारी_वाटसरू:
मिळेल ते. सिगारेटची थोटकं वेचून, तंबाखू नव्या कागदात वळून विकायची. पॉलिश, पेपर विकणं, रुळांकडेच्या काळ्या बाजारात (आजचा आमेयोको) हमाली, नाहीतर पाकीटमारी.

चिंचोका:
सरकारने काहीच केलं नाही?

भुयारी_वाटसरू:
केलं ना. धरपकड. तिला 'कारिकोमी' म्हणत, म्हणजे हाका घालून सावज घेरणं. ट्रकमध्ये चढवताना पोरांना 'इप्पिकी, निहिकी' असं मोजत, अशा आठवणी आहेत. जपानीत माणसं तशी मोजत नाहीत, जनावरं मोजतात. काही ठिकाणी पळू नयेत म्हणून कपडे काढून घेत. तरी पळत. बालकल्याण कायदा आला डिसेंबर १९४७ मध्ये.

चिंचोका:
एकूण किती होती?

भुयारी_वाटसरू:
१९४८ च्या सरकारी मोजणीत देशभरात १,२३,५११ अनाथ मुलं. ओकिनावा त्यात धरलेलं नाही. आणि सरकारी माणूस दिसताच भुयारातून पसार होणारी किती सापडली असतील, तुम्हीच बघा.