कार्यक्रमांच्या दौऱ्यांवर ट्रकचालक म्हणून नोकरी धरावी का?

कळंबोलीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी गेली काही वर्षे न्हावा शेवा बंदर आणि भिवंडीची गोदामे यांच्यामध्ये कंटेनरचा ट्रेलर चालवतो. अवजड वाहनाचा परवाना आहे, घाटाचा सराव आहे आणि आजवर गाडीला ओरखडाही लागलेला नाही. सध्या मुंबईतील एका साउंड-लाइटच्या कंपनीने मला त्यांच्या ३२ फुटी बंद गाडीवर कायम चालक म्हणून विचारले आहे. मोठ्या गायकांचे दौरे लागतात तेव्हा स्पीकर, दिवे, एलईडी भिंतीचे भाग आणि ट्रस (दिवे-स्पीकर टांगायचे धातूचे सांगाडे) घेऊन पुणे, अहमदाबाद, इंदूर, हैदराबाद, बंगळुरू अशा फेऱ्या कराव्या लागतील, असे त्यांनी सांगितले.

बंदरावर गेटच्या रांगेत तासन्‌तास थांबण्याची मला सवय आहे, पण तिथे माल एक दिवस उशिरा पोहोचला तर फार तर बोलणी बसतात. इथे तिकिटे विकली गेलेली असतात आणि कार्यक्रमाची वेळ हलत नाही. त्यामुळे या कामात झोपेचे काय होते, मालाची जबाबदारी नेमकी कोणाची असते आणि पगार ठरवताना कोणत्या गोष्टी आधी बोलून घ्याव्यात, हे प्रत्यक्ष काम केलेल्यांकडून समजून घ्यायचे आहे. घरी मुले लहान आहेत, म्हणून घाईने होकार द्यायचा नाही.

घाटवाट (उत्तर)

मी याच कामात आहे आणि हे काम मला मनापासून आवडते, तेव्हा त्याच भावनेने लिहितो. तुम्ही झोपेचा प्रश्न पहिला विचारलात हे योग्यच केले, कारण या धंद्यातील बहुतेक अपघातांची सुरुवात कार्यक्रम संपल्यावर होते.

वेळेचे गणित असे असते. उघड्या मैदानावरचा कार्यक्रम साधारणपणे रात्री १० वाजता थांबवावा लागतो, कारण ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार त्यानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत. वर्षातील मोजक्याच दिवशी राज्य सरकार १२ वाजेपर्यंत सवलत देते. प्रेक्षक बाहेर पडेपर्यंत तासभर जातो. मग दिवे खाली घ्यायचे, ट्रस उतरवायचा, केबल गुंडाळायच्या आणि पेट्या भरायच्या, यात पहाटेचे ३ सहज वाजतात. गाडीचा मागचा दरवाजा बंद होतो तो नेमका त्या वेळी, जेव्हा माणसाच्या शरीराला सर्वांत गाढ झोप हवी असते, आणि तेव्हाच कोणीतरी पाठीवर थाप मारून म्हणते, ‘चला दादा, निघा आता, उद्या दुपारी तिकडे माल उतरवायचा आहे.’ दिवसा झोप झालेली नसेल तर अशा वेळी निघायचे नाही, मग समोर मालक असो की मॅनेजर. दौऱ्याचे काम घेण्याआधी ही एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या, बाकीचे सगळे तिच्यानंतर.

प्रत्यक्षात याची व्यवस्था कशी लागते तेही सांगतो. गाडी मैदानावर लागली आणि माल उतरला की चालकाचे काम संपले पाहिजे. किल्ली साइटवरच्या जबाबदार माणसाकडे द्यायची आणि सरळ लॉजवर जाऊन झोपायचे. केबिनमधली झोप खरी नव्हे, कारण शेजारी जनरेटर चालू असतो आणि दुपारनंतर साउंड चेकचे धमाके सुरू होतात. चालकाला खोली मिळणार की नाही, मिळणार असल्यास ती दिवसभरासाठी मिळणार की फक्त रात्रीपुरती, हे आधी विचारा. अनेक ठिकाणी बाकी सगळ्यांना खोल्या मिळतात आणि चालकाला मात्र ‘तुम्ही गाडीत झोपा, मालावरही लक्ष राहील’ असे सांगितले जाते. राखण हे वेगळ्या माणसाचे काम आहे.

अंतर ५०० किलोमीटरच्या पुढचे असेल आणि मधे मोकळा दिवस नसेल तर दुसरा चालक हवाच. मोठ्या परदेशी दौऱ्यांत मधले दिवस मुद्दाम ठेवलेले असतात. जानेवारी २०२५मध्ये कोल्डप्लेचे नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १८, १९ आणि २१ तारखेला कार्यक्रम झाले आणि पुढचे अहमदाबादला २५ आणि २६ तारखेला झाले. म्हणजे मधे पूर्ण तीन दिवस होते. आपल्याकडच्या नेहमीच्या दौऱ्यांत शुक्रवारी पुणे, शनिवारी हैदराबाद अशीही आखणी होते, आणि ती करणारा माणूस बहुधा विमानाने जाणारा असतो. युरोपात चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला साधारण ९ तासांपलीकडे चालवता येत नाही आणि गाडीतील यंत्रावर त्याची नोंद होते. आपल्याकडेही १९६१च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. ती कागदावरून रस्त्यावर आणायची तर सुरुवात चालकालाच करावी लागते.

आता माल भरण्याविषयी, कारण ट्रेलरवाल्याला इथे सर्वांत मोठा फरक जाणवेल. बंदरातला कंटेनर तुम्हाला सीलबंद मिळतो. इथे गाडी तुमच्या डोळ्यांदेखत भरली जाते आणि ती तशीच भरली जावी यासाठी तुम्ही तिथे उभे राहिले पाहिजे. ३२ फुटी सिंगल अ‍ॅक्सल (मागे चाकांचा एकच आस असलेली) गाडी साधारण ७ टनांची असते. ट्रस, चेन मोटरी (ट्रस वर ओढणाऱ्या साखळीच्या मोटरी), अ‍ॅम्प्लिफायरचे रॅक आणि केबलच्या पेट्या इतक्या जड असतात, की गाडी अर्धी रिकामी दिसत असतानाच वजन पूर्ण झालेले असते. मागे जागा उरली आहे म्हणून आणखी पेट्या ढकलल्या जातात आणि वजनकाट्यावर पकडल्यावर २०,००० रुपये दंड, शिवाय प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. दंडापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे त्या गाडीचे ब्रेक बोरघाट उतरताना तितके वजन धरत नाहीत.

पुढच्या गावी जे आधी लागते ते शेवटी चढते, म्हणजे मोटरी, ट्रस आणि विजेची जोडणी दरवाजाजवळ. वजनाच्या दृष्टीने मात्र जड पेट्या मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे आणि तळाला हव्यात. या दोन गोष्टींचे रोज भांडण असते आणि ते मिटवण्यासाठी एकदा नीट बसून गाडीचा नकाशा काढावा लागतो. साउंडचा कन्सोल (आवाज नियंत्रित करायचा नाजूक पॅनेल) मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे कधीही ठेवू देऊ नका, कारण गाडीचा तो भाग खड्ड्यात सर्वांत जास्त उसळतो. पेट्यांना चाके असतात, त्यामुळे दर दोन-तीन ओळींनंतर आडवा बार किंवा रॅचेटचा पट्टा लागलाच पाहिजे. पट्टा ओढून झाल्यावर बोटाने टिचकी मारली की ताणलेल्या तारेसारखा आवाज आला पाहिजे, आणि पहिल्या २०-३० किलोमीटरनंतर थांबून तो पुन्हा तपासायचा, कारण पेट्या बसल्या की पट्टे सैल पडतात.

हिशेबनीस (उत्तर)

घाटवाट यांनी रस्त्याची बाजू उत्तम मांडली आहे. मी वाहतूक व्यवसायात कागदपत्रे सांभाळते, त्यामुळे तेवढ्याच भागाविषयी लिहिते.

बंदराच्या मालाचे कागद तुम्हाला पाठ असतील, पण इथे मालाची विक्री झालेली नसते, कंपनीचाच माल एका गावातून दुसऱ्या गावी जाऊन परत येतो. त्यासाठी बिलाऐवजी डिलिव्हरी चलान असते आणि परराज्यात जाताना मालाचे मूल्य ५०,००० रुपयांच्या वर असेल तर ई-वे बिल (जीएसटीच्या पोर्टलवर केलेली मालवाहतुकीची नोंद) लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाखाची आहे. ई-वे बिलाची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. दौऱ्यात खरी अडचण येते ती दोन ठिकाणी. एक म्हणजे वाटेत गाडी बदलली तर नव्या गाडीचा क्रमांक त्या बिलात भरावा लागतो, आणि पहाटे तीन वाजता ते करायला ऑफिसात कोणी जागे नसते. दुसरे म्हणजे परतीच्या प्रवासाचे चलान मुंबईहून निघतानाच तयार करून घेतले जात नाही. चालकाने गाडी सुरू करण्याआधी चलानावरील पेट्यांची संख्या आणि गाडीतील पेट्यांची संख्या जुळवून सही घ्यावी. मालाच्या जबाबदारीविषयी तुम्ही जे विचारले आहे, त्याचे निम्मे उत्तर या सहीत आहे.

परदेशी कलाकारांचे सामान असेल तर आणखी काळजी घ्या. असे सामान बहुधा एटीए कार्नेट या दस्तऐवजावर, आयात शुल्क न भरता तात्पुरते आलेले असते आणि यादीतील प्रत्येक वस्तू देशाबाहेर परत जावी लागते. त्यातील एखादी पेटी चुकून स्थानिक सामानात मिसळून भिवंडीच्या गोदामात राहिली तर कस्टम्सकडे मोठा प्रश्न उभा राहतो. म्हणून ते सामान शक्यतो वेगळ्या गाडीत, आणि ते जमत नसेल तर निदान वेगळ्या ओळींत भरायला सांगा.

पगाराविषयी एकच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे उघड्यावरच्या कार्यक्रमांचा हंगाम पाऊस संपल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. गणपती आणि नवरात्राचे काम वेगळे. जून ते ऑगस्ट गाडी बरीच उभी असते. फेरीवर पैसे ठरवलेत तर डिसेंबरात हातात भरपूर येते आणि जुलैत मुलांची फी भरायला उसनवारी करावी लागते. तेव्हा बारा महिन्यांचा मासिक पगार, त्यावर फेरीचा आणि मुक्कामाचा भत्ता, आणि भविष्य निर्वाह निधी अशी मागणी करा. नेमणुकीचे पत्र लेखी घ्या.

पडद्यामागचा परळकर (उत्तर)

मी दिव्यांचे काम करतो. आमच्या दृष्टीने चांगला चालक म्हणजे जोरात येणारा नव्हे, तर ठरलेल्या वेळी शांतपणे गाडी मागे लावणारा. बीकेसीतील एमएमआरडीए मैदान, महालक्ष्मीचे रेसकोर्स, वरळीचा डोम या प्रत्येक ठिकाणी आत शिरण्याची वाट आणि वेळ वेगळी असते. शहरात सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी अवजड गाड्यांना बंदी असते आणि दक्षिण मुंबईत तर मुख्यतः रात्रीच प्रवेश मिळतो. अटल सेतूवरून येत असाल तर शिवडीला उतरल्यावर अवजड गाडीला ईस्टर्न फ्रीवे धरता येत नाही, हेही लक्षात ठेवा. त्यामुळे गाडी आदल्या रात्री वडाळ्याच्या ट्रक टर्मिनसला किंवा शहराबाहेर उभी करून ठेवावी लागते. मैदान मातीचे असेल तर लोखंडी पत्रे अंथरल्याशिवाय गाडी आत घालू नका, कोणी कितीही घाई केली तरी. अवकाळी पावसात भरलेली गाडी रुतली की क्रेन येईपर्यंत सगळे काम ठप्प होते.

आणि एक गोष्ट कृतज्ञतेने लिहितो. प्रेक्षकांना दिसणारा प्रत्येक दिवा कोणीतरी रात्रभर जागून आणलेला असतो, पण कार्यक्रमानंतरच्या आभारात चालकाचे नाव क्वचितच येते. आमच्या चमूत आम्ही जेवणाच्या कूपनांच्या यादीत चालक आणि क्लीनर यांची नावे सर्वांत वर लिहितो. तुमच्या कंपनीत ही पद्धत आहे का, ते एका फेरीतच कळेल.

ठाण्याहून (उत्तर)

माझे यजमान हेच काम करतात, म्हणून घरच्या बाजूने थोडेसे. हंगामात ते सणाला घरी असतील असे आम्ही धरत नाही. ३१ डिसेंबरची रात्र तर कधीच नाही. फोनचा आमचा नियम असा आहे, की आम्ही करायचा नाही, गाडी थांबवल्यावर ते करतील. मुलांना सुरुवातीला हे जड गेले. पावसाळ्यात मात्र ते सलग घरी असतात, शाळेत सोडायला जातात, आणि बंदराच्या नोकरीत हे त्यांना कधी मिळाले नव्हते.

कळंबोलीकर (पुन्हा)

सर्वांचे मनापासून आभार. बारमाही पगार आणि लेखी पत्र यांविषयी कंपनीशी बोललो, त्यांनी दोन्ही मान्य केले. दुसऱ्या चालकाबद्दल मात्र ‘गरज पडली तर पाहू’ असे उत्तर मिळाले. पहिली फेरी पुणे आणि तिथून बंगळुरू अशी आहे. यावर काय म्हणावे?

घाटवाट (उत्तर)

पुणे एकट्याने करा. बोरघाट चढताना जड गाडी ओढायची तुम्हाला सवय आहेच, परतताना ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा आणि ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, एवढे तुम्हाला सांगायची गरज नाही. पुणे ते बंगळुरू मात्र ८०० किलोमीटरच्या पुढचा पल्ला आहे. पुण्याचा कार्यक्रम संपल्यावर बंगळुरूला माल उतरवायला किती तास उरतात ते त्यांच्याकडून तारीख-वेळेसह लिहून घ्या, त्यातून माल भरण्याचा वेळ आणि तुमची किमान ७ तासांची झोप वजा करा, आणि उरलेल्या वेळात ताशी सरासरी ४० किलोमीटरने अंतर बसते का ते त्यांच्यासमोर कागदावर मांडा. बसत नसेल तर दुसरा चालक पुण्यालाच गाडीवर चढला पाहिजे, आणि तो दिवसभर झोपून आलेला असला पाहिजे. मालक हिशेब पाहून ऐकतात, असा माझा अनुभव आहे. तरीही नाही म्हणाले, तर पुण्याची फेरी करून गाडीची किल्ली परत द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत चांगल्या चालकाला मुंबईत दुसरीकडे काम मिळायला वेळ लागत नाही.