मदत हवी आहे: चुनखडीच्या जमिनीत ईडीटीएवालं लोह चालतं का?

मंडळी, मोसंबीची नवीन पानं पिवळी पडलीत, शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोहाचीच कमतरता वाटतेय. जमीन चुनखडीची, पीएच ८.२. ईडीटीएवालं चिलेटेड आयर्न (म्हणजे ईडीटीए नावाच्या रसायनानं धरून ठेवलेलं लोह) ड्रिपमधून दोनदा सोडलं, काडीचा फरक नाही. आता वाचलं की ईडीटीए लोहाला सहा ठिकाणी धरतं, दोन नायट्रोजन नि चार ऑक्सिजन, अगदी खेकड्याच्या नांग्यांसारखं, मग एवढी घट्ट पकड असून पीएच ७ च्या वर लोह सुटून त्याच्या जागी कॅल्शियम कसं काय बसतं? ईडीडीएचए (लोह धरून ठेवणारं असंच दुसरं रसायन) लई महाग आहे, पण जमिनीतून तेच द्यायचं आणि ईडीटीए फक्त फवारणीला, असं करू का? झाडं सहा वर्षांची आहेत हो, बघून जीव तुटतो. स्वतः वापरलेल्यांनी प्लीज सांगा.