सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानटाउनमध्ये रामेन: आई शाकाहारी आहे, कुठे जावे?

प्रश्न

नमस्कार. आम्ही सनीवेलला राहतो. पुढच्या महिन्यात आई-बाबा पुण्याहून येत आहेत आणि एक शनिवार जपानटाउनमध्ये घालवण्याचा बेत आहे. बाबा सगळे खातात. आई मात्र अंडेही खात नाही. मागे एका उपाहारगृहात ‘व्हेजिटेबल रामेन’ (रामेन म्हणजे रश्श्यातल्या जपानी नूडल्स) असे वाचून मी निर्धास्तपणे मागवले आणि निम्मा वाडगा संपल्यावर रस्सा माशांचा असल्याचे कळले. माझे चालून गेले, आईच्या बाबतीत तसे होऊन चालणार नाही. दोघांचीही सोय होईल आणि रामेनही खरोखर चांगले असेल, अशी जागा कोणती?

पहिला प्रतिसाद

वाडग्यात वर काय मांडले आहे ते पाहू नका, रस्सा कशाचा आहे ते विचारा. ‘यात मांस आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर अगदी प्रामाणिकपणे मिळते, कारण दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकातले मूळ पाणी, बहुधा समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी यांचे असते. कात्सुओबुशी म्हणजे धुरी देऊन लाकडासारखा टणक वाळवलेला मासा, ज्याचे पातळ पापुद्रे काढतात. त्यामुळे ‘व्हेजिटेरियन’ऐवजी ‘व्हीगन’, म्हणजे कोणताच प्राणिज पदार्थ नसलेले, हा शब्द वापरावा.

बुकॅनन स्ट्रीटवरच्या हिनोदेयाची ख्याती दाशीवरच आहे, म्हणजे तेथील मुख्य वाडगे आईंच्या कामाचे नाहीत. पण व्हीगन रामेन तेथे वेगळे करतात, शिवाय बाबांना दाशीचा हलका, नितळ रस्सा चाखता येईल. किनोकुनिया इमारतीतल्या मारुफुकुमध्ये हाकाता पद्धतीचे तोन्कोत्सु मिळते: डुकराची हाडे तासन्‌तास उकळून दुधासारखा झालेला रस्सा आणि त्यात सरळ, बारीक, जवळजवळ शेवयांसारख्या नूडल्स. माझे मत विचाराल तर चव तिथली सरस. मात्र तिकडे बाबांना वेगळे घेऊन जा.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ल्याशी सहमत आहे, दोन गोष्टींची भर घालतो. मुरवलेले अर्धे अंडे पुष्कळ ठिकाणी न मागताच वाडग्यात येते आणि काही नूडल्सच्या पिठातही अंडे असते, म्हणून दोन्ही आधी विचारून घ्यावे. एरवी नूडल्सचा पिवळेपणा आणि चिवटपणा हा कान्सुई या क्षाराचा गुण असतो. आईंना ‘आपल्या पापडखाराचा भाऊ’ म्हणून सांगा, लगेच कळेल.

दुसरे असे की शनिवारी दुपारी रांग असतेच. उघडण्याच्या वेळेआधी पोहोचावे, नाहीतर नाव नोंदवून किनोकुनियाच्या पुस्तकांच्या दुकानात किंवा पाच मजली शांती पॅगोडापाशी वेळ काढावा. वाडगा समोर आल्यावर मात्र गप्पा नकोत, कारण बारीक नूडल्स चार-पाच मिनिटांत फुगून लिबलिबीत होतात. आमटीचा भुरका मारतो तसा मोठ्याने भुरका मारून खावे. तेथे त्याचे कोणालाही काही वाटत नाही.

तिसरा प्रतिसाद

सनीवेलहून सॅन होजेचे जपानटाउन कितीतरी जवळ आहे. अमेरिकेत टिकून राहिलेली जुनी जपानटाउन तीनच, त्यांपैकी हे एक. जॅक्सन स्ट्रीटचा परिसर लहान आणि निवांत आहे, आणि वयस्कर मंडळींना गर्दीत ताटकळावे लागत नाही. रामेनचे पर्याय मात्र मोजकेच आहेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. शनिवारी चौघे हिनोदेयाला जाऊ. मारुफुकु मी आणि बाबा मधल्या वारी गाठू. बाबांना जेवताना बोलण्याची फार सवय आहे, म्हणून काय बोलायचे ते रांगेतच बोलून घ्या, असे त्यांना आत्ताच फोनवर सांगून ठेवले आहे.