मदत हवी आहे: टर्मिनल पासवर्ड घेत नाही (तातडीचं)

सीबीएस_टायपिंग:
जाणकारांनी लवकर सांगावं, समोर गिऱ्हाईक बसलंय. विंडोज १० काढून लिनक्स टाकून आठ दिवस झाले. भाच्याने बसवून दिलं आणि तो पुण्याला गेला. व्हिडिओत बघून मराठी फॉन्टसाठी काळ्या पडद्यावर (टर्मिनलमध्ये) कमांड दिली. पासवर्ड मागतो, दिला की 'सॉरी, ट्राय अगेन'. तीनदा झालं की हाकलून देतो. पासवर्ड शंभर टक्के बरोबर आहे, रोज सकाळी त्यानेच मशीन उघडतो. माउसने होत असेल तर ते सांगा, टर्मिनल नको.

काळा_पडदा:
कुठलं लिनक्स? कमांड काय दिली? 'लिनक्स टाकलं' म्हणजे 'गाडी घेतली' असं सांगून टायर कुठला बसेल विचारणं झालं.

ओझरकर:
पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही, ते तसंच असतं. कर्सर जागचा हलत नाही, म्हणून वाटतं कीबोर्ड मेला. मी पहिल्या दिवशी वायर काढून परत लावली होती. न बघता टाका आणि एंटर मारा.

सीबीएस_टायपिंग:
दिसत नाही कसं? फुल्या येतात की. भराभर येतात.

काळा_पडदा:
फुल्या येतात म्हणजे मिंट नावाचं लिनक्स दिसतंय. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये आपोआप येत नाहीत, मिंटवाले ती सोय आधीच चालू करून देतात. ओझरकर, तुमचं उत्तर बाद.

एसएसडी_टाका:
मशीन जुनं असेल तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. माझं २ जीबी रॅमचं मशीन आता पळतं.

माउसवाला:
अहो, त्यांनी वेगाचं विचारलंच नाहीये. सीबीएस दादा, टर्मिनल बंद करा. मेनूत सॉफ्टवेअर मॅनेजर उघडा, 'फॉन्ट्स-देवा' शोधा (इंग्रजीत), इन्स्टॉल दाबा. नवीन माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात सुडो (पासवर्ड घेऊन मालकाच्या अधिकाराने चालणारी कमांड) देणारे व्हिडिओ बंद व्हायला हवेत. आपण काय चिकटवतोय हे त्याला कळत तरी असतं का?

काळा_पडदा:
आणि 'मेनूत जा, डावीकडे बघा' हे कुणाला कळतं? मिंटचीच दोन रूपं घ्या, सिनॅमनचा मेनू वेगळा, एक्सएफसीईचा वेगळा. कमांड दोन्हीकडे तीच. शिवाय चुकलं तर आलेला संदेश जसाच्या तसा इथे चिकटवता येतो. माउसवाले लिहितात 'काहीतरी खिडकी आली'.

सीबीएस_टायपिंग:
सॉफ्टवेअर मॅनेजर करून बघितलं. तिथेही पासवर्डची खिडकी आली, तिथे गोल ठिपके येतात आणि तीही नाही म्हणते. तुमचं भांडण नंतर करा हो.

विंडोज_बरं:
विंडोज १० का सोडलं?

सीबीएस_टायपिंग:
१४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. ११ माझ्या मशीनवर चढत नाही, टीपीएम नावाची सुरक्षा चिप मागतं. आता पासवर्डचं बोला.

सातपूर_नाइट_शिफ्ट:
टर्मिनलमध्ये कमांड देतो तिथे नुसता पासवर्ड टाइप करून बघा, काय उमटतं ते दिसेल.

काळा_पडदा:
बघा, पण एंटर मारू नका! हिस्टरीत, म्हणजे दिलेल्या कमांडच्या नोंदीत, जाऊन बसेल. त्यापेक्षा टेक्स्ट एडिटर उघडून तिथे टाइप करा आणि सेव्ह न करता बंद करा.

गंगापूर_रोड:
थांबा जरा. सीबीएस, टर्मिनलमध्ये एक बटण दाबलं की किती फुल्या येतात? मोजून सांगा. आणि कमांड हाताने टाइप केली होती की पेस्ट?

सीबीएस_टायपिंग:
तीन! एका बटणाला तीन. भराभर म्हटलं ते हेच. कमांड पेस्ट केली, कंट्रोल व्ही चालेना म्हणून उजव्या बटणाने.

गंगापूर_रोड:
मग मराठी कीबोर्ड चालू आहे तुमचा. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये (मशीन अक्षरं साठवतं त्या पद्धतीत) ३ बाइटचं, आणि सुडो बाइटमागे एक फुली काढतं. कमांड चिकटवलीत म्हणून ती इंग्रजीत राहिली, हाताने टाइप केला तो एकटा पासवर्ड. मराठी कीबोर्ड जोडलाय हे आधी का नाही सांगितलं?

सीबीएस_टायपिंग:
त्यात सांगायचं काय? कोर्टाबाहेर टायपिंगचं दुकान आहे, दिवसभर अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं. मराठी कीबोर्ड नसेल तर काय गोट्या खेळू? पण मग सकाळी लॉगिन कसं होतं?

गंगापूर_रोड:
तुम्ही तो फक्त तुमच्या खात्यात जोडलाय, लॉगिनच्या पडद्याला त्याचा पत्ता नाही. तिथे इंग्रजीच.

माउसवाला:
खाली पॅनेलवर घड्याळाच्या आसपास कीबोर्डची खूण असेल. तिच्यावर क्लिक करून इंग्रजी निवडा. एक क्लिक. कमांड लागली नाही, नोंद घ्यावी.

काळा_पडदा:
आणि पकडलं कुणी? फुल्यांनी. तुमच्या खिडकीत एका बटणाला एकच ठिपका पडतो, तिथे जन्मभर कळलं नसतं.

सीबीएस_टायपिंग:
झालं!!! खरंच. एडिटरमध्ये बघितलं, मी 'एच' दाबत होतो आणि 'प' पडत होता. फॉन्टही बसले. गंगापूर रोड, दुकानावर या, मिसळ माझ्याकडून.

ओझरकर:
पासवर्डातलं एक अक्षर जगाला सांगितलंत. बदला आता.

देवनागरी_टंकक:
अवांतर: 'एच'ला 'प' म्हणजे इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरता, हे उत्तम, १९९१ पासून भारतीय मानकात आहे. ऱ्य कसा काढता? शिफ्ट जे, मग हलन्त, मग य. निम्मे लोक 'सुर्या' लिहून सुऱ्या म्हणतात.

सातपूर_नाइट_शिफ्ट:
मिसळ कुठली ते आधी ठरवा. काळ्या रश्शाची असेल तर मीही येतो.

सीबीएस_टायपिंग:
आणखी एक. जुन्या वकीलपत्राची फाइल उघडली, सगळा इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतोय. फॉन्ट तर आत्ताच टाकले ना?

गंगापूर_रोड:
फाइल युनिकोडची (आताच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीची) आहे की जुन्या फॉन्टची? फॉन्टचं नाव बघून सांगा. जुनी असेल तर नुसता फॉन्ट टाकून भागणार नाही, मजकूर बदलून घ्यावा लागेल.

सीबीएस_टायपिंग:
नाव रात्री बघतो. कोर्टाची सुट्टी झाली, तीन जण उभे आहेत.